डाळिंबावर रात्री बसणारं पाखरू: रसशोषक पतंग कसा ओळखायचा, कुठे वाढतो, कसा आवरायचा

फळ तोडायला दहा-बारा दिवस राहिलेत. रंग भरलाय, व्यापारी बाग बघून गेलाय, आणि सकाळी ओळीतून फिरताना झाडाखाली चार फळं पडलेली. उचलून बघावं तर अळी नाही, विष्ठा नाही, पोपटाची चोच लागल्याची खूण नाही. टाचणीने टोचावं एवढं एकच भोक. बोटाने दाबलं की त्यातून रस येतो आणि भोवतीची साल मऊ लागते. दोन-तीन दिवसांत तेच फळ त्या जागी तपकिरी होऊन आंबूस वास मारायला लागतं.

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा पट्ट्यात आंबे बहाराचा, म्हणजे जुलै ते सप्टेंबरात तयार होणारा, माल आला की हे दुखणं डोकं वर काढतं. बरेचजण ही कूज समजतात आणि बुरशीनाशक मारतात. मीही दोन हंगाम तेच केलं. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली, भोकं पडायची ती पडतच राहिली. चोर बागेत राहतच नव्हता, मग फवारणी लागणार कुणाला? तो अंधार पडल्यावर यायचा, रस पिऊन पहाटेच्या आत निघून जायचा. आणि त्याचं बालपण गेलेलं असायचं आमच्याच बांधावरच्या गुळवेलीवर, जिचा काढा घरात रोज उकळत होता.

म्हणून हा लेख बागेपासून सुरू होतो, पण त्यातलं महत्त्वाचं काम बांधावरचं आहे.

आधी भोक नीट बघा

डाळिंबाला भोक पाडणारे तिघे-चौघे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. ओळख चुकली की पुढचं सगळं चुकलं.

फळ पोखरणारी अळी असेल तर भोक मोठं, गोल आणि स्पष्ट असतं. तोंडाशी ओली विष्ठा साचलेली, घाण वास येणारी. फळ फोडलं की आत अळी किंवा तिने खाऊन ठेवलेले दाणे सापडतात. या अळीचं पुढे फुलपाखरू होतं. ते दिवसा उडतं आणि फुलांवर, लहान फळांवर अंडी घालतं. म्हणजे गंमत बघा: दिवसा उडणाऱ्या त्या फुलपाखराचं पोर फळ नासवतं, आणि रात्री उडणाऱ्या आपल्या पतंगाचं पोर डाळिंबाकडे ढुंकूनही बघत नाही, तिथे थोरलेच फळावर येतात. दोघांना एकच औषध मारणारा शेतकरी दोघांनाही चुकवतो.

खार आणि पोपट साल फाडतात, दाणे खाली सांडतात, ते लपत नाही. तेल्या या जिवाणूंच्या रोगाचे डाग तेलकट काळपट, आणि पुढे त्या डागावर साल तडकते. त्यात टोचल्यासारखं भोक नसतं.

पतंगाची खूण पटवायची असेल तर संशय आलेलं फळ भोकावरूनच उभं चिरा. सालीच्या आतला पांढरा थर भोकाच्या रेषेत तपकिरी झालेला दिसतो आणि त्याखालचे दाणे फिके, चिपलेले असतात. बाकीचं फळ अजून चांगलं असू शकतं. ताज्या भोकाचं फळ बाहेरून इतकं धडधाकट दिसतं की तोडणीत ते क्रेटमध्ये सहज जातं, आणि मग वाटेत पाझरून शेजारच्या फळांनाही घेऊन बुडतं. आमच्या एका लॉटला असंच झालं होतं. बाजारात पोचेपर्यंत वरच्या थराखाली चिकचिकाट. तेव्हापासून तोडणीच्या आदल्या दिवशी लालसर झालेलं प्रत्येक फळ अंगठ्याने हलकं दाबून बघायची सवय लावून घेतली.

पतंग दिसतो कसा

दिवसा शोधायला गेलात तर सापडणार नाही. झाडाझुडपांत पंख मिटून बसला की तो वाळकं पानच. पुढचे पंख तपकिरी, कधी हिरवट झाक असलेले, त्यावर पानाच्या शिरांसारख्या रेघा. पण उडाला किंवा पंख उघडले की मागच्या पंखांचा भडक नारिंगी रंग एकदम डोळ्यांत भरतो. आमच्याकडे मुलं त्याला ‘शेंदऱ्या’ म्हणायला लागली होती, आणि ते नाव मला पुस्तकातल्या नावापेक्षा बरं वाटतं.

पुस्तकात याचं नाव युडोसिमा. जुन्या पुस्तकांत ऑथ्रेइस असंही सापडेल. यातल्या दोन जाती लक्षात ठेवल्या तर पुरे. युडोसिमा मॅटर्नाच्या नारिंगी पंखावर मधोमध एक गोल काळा ठिपका असतो आणि कडेला काळा पट्टा. युडोसिमा फॅलोनियाच्या पंखावर ठिपक्याऐवजी जाड, वाकडा, स्वल्पविरामासारखा काळा डाग असतो. पंख पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात ते दहा सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढा पतंग. अंग जाड, केसाळ. हातात धरला तर बोटांना भुकटी लागते, ते त्याच्या पंखांवरचे खवले.

बागेत रात्री आणखी एक पतंग दिसतो. तो थोडा लहान, मागचे पंख काळे आणि त्यावर पांढरा पट्टा. हा एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग. फळावर बसलेला हाही सापडतो, त्यामुळे त्यालाही सोडू नका.

खरी करामत सोंडेत आहे. फुलातला मध पिणाऱ्या पतंगाची सोंड मऊ नळीसारखी असते. याची सोंड टोकाला कडक असते आणि तिला उलटे काटे असतात. सोंड दोन अर्ध्या नळ्या जोडून झालेली. त्या दोन्ही आळीपाळीने मागेपुढे सरकतात आणि काट्यांनी साल धरत धरत सोंड आत घुसवतात. सुतार गिरमिट फिरवतो तसंच, फक्त गोल न फिरवता. भगवा जातीच्या डाळिंबाची जाड सालसुद्धा त्यापुढे टिकत नाही. याच कुळातल्या कॅलिप्ट्रा नावाच्या पतंगांतल्या काही जातींचे नर तर जनावरांची कातडी टोचून रक्त पितात, तेव्हा डाळिंबाची साल ती काय!

रस प्यायल्याने होणारं नुकसान मुळात थोडं असतं. एक पतंग पिऊन पिऊन किती पिणार? पण त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, फळ आतून आंबतं आणि गळतं. वर त्या आंबलेल्या वासाने दुसऱ्या रात्री आणखी पाहुणे येतात.

गुळवेलीवरचं बालपण

मादी अंडी घालायला डाळिंबावर येत नाही. तिला लागतात गुळवेल, वासनवेल, पहाडवेल या एकाच कुळातल्या वेली. आपल्याकडे बांधावरच्या बाभळीवर, कडुलिंबावर, तारेच्या कुंपणावर, ओढ्याकाठच्या झुडपांत त्या आपोआप येतात. २०२० साली कोरोना आला आणि गुळवेलीला भाव आला, तेव्हा लोकांनी मुद्दाम कांड्या आणून लिंबाखाली लावल्या. आमच्या वस्तीवर एकाच वर्षात तीन वेली वाढल्या. वेलीवर माझा राग नाही. पण बागेच्या कडेला गुळवेल लावणं म्हणजे या पतंगाला पाळणा बांधून देणं आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या पावसानंतर वेलीला नवी पानं फुटतात तेव्हा मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अंडं गोल, फिकट पिवळसर-हिरवट, मोहरीपेक्षाही लहान. एक मादी आयुष्यात काही शेकडो अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते.

अळी सुरुवातीला बारीक, फिकट हिरवी असते आणि पानाच्या खालून कुरतडत राहते. कात टाकत टाकत ती पाच टप्प्यांत मोठी होते. थोरली झाली की तिला एकदा बघितलेला माणूस पुन्हा विसरत नाही. मखमली काळपट किंवा जांभळट तपकिरी अंग, आणि दोन्ही कुशींवर दोन-दोन मोठे डोळ्यांसारखे ठिपके. हे खरे डोळे नव्हेत. डिवचलं की ती डोकं खाली मुडपते, मागचा भाग वर उचलते आणि तशीच थिजते. त्या पवित्र्यात ठिपके असे दिसतात की एखादं लहान सापाचं पिलू टक लावून बघतंय. चिमणीला ते खरं वाटत असावं. आमच्या वहिनीलाही पहिल्यांदा वाटलं होतं, हातातली पाटी तिथेच पडली.

चालताना ती उंटअळीसारखी पाठ वर काढून चालते. पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि दोन ते तीन आठवड्यांत खाणं पुरं करते. मग दोन-तीन पानं रेशमी धाग्याने एकमेकांना शिवून त्यात गडद तपकिरी कोष करते. साधारण दोन आठवड्यांनी कोषातून पतंग बाहेर येतो. म्हणजे अंड्यापासून पतंगापर्यंत पाच-सहा आठवडे. जूनच्या शेवटी वेलीवर पडलेल्या अंड्यांचे पतंग ऑगस्टच्या सुरुवातीला उडायला तयार, नेमके आपलं फळ गोड होतं तेव्हा. आणि त्यांची दुसरी पिढी सप्टेंबरात.

हिवाळ्यात गुळवेलीची पानं पिवळी होऊन झडतात. अळीचं खाणं संपतं, पतंगही ओसरतात.

वेल कशी तपासायची

आषाढीची गर्दी ओसरली की हे काम सुरू करा, आणि फळं तोडून होईपर्यंत आठवड्यातून एकदा. मी शनिवार ठरवून टाकलाय.

बागेच्या चारही बाजूंनी बांधाबांधाने चालत जा. वेल कुठे कुठे आहे ते एकदाच वहीत उतरवून ठेवा: विहिरीजवळची बाभूळ, पश्चिमेची तार, ओढ्याकडचा लिंब, असं. पुढच्या वेळी शोधत बसावं लागत नाही. वेल हाताने हलवू नका, अळ्या खाली पडतात. पानं खालून वर अशी बघा. पानाला मोठी, वेडीवाकडी खाल्लेली कड आणि खालच्या पानांवर काळसर लेंड्या असतील तर अळी दोन हातांच्या आत आहे. एकमेकांना चिकटलेली पानं दिसली की ती सोडवून बघा, कोष तिथेच सापडतो.

सापडलेल्या अळ्या आणि कोष साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. एवढंच. फवारणीची गरज नाही, आणि ज्या वेलीचा काढा घरात घेतला जातो तिच्यावर तर विषारी औषध अजिबात नको.

अंडी मात्र डोळे झाकून मारू नका. काही अंडी काळी पडलेली दिसतात. त्यांच्यात बहुधा ट्रायकोग्रामासारख्या अगदी बारीक गांधीलमाश्या वाढत असतात. त्या पतंगाची अंडी आतून पोखरतात. तशी पानं तिथेच राहू द्या. आपण पगार न देता राबणारे हे गडी आहेत.

आता मोठा प्रश्न: वेल उपटायची का? बागेच्या आत आणि अगदी कडेला असलेली वासनवेल, पहाडवेल मी काढली. गुळवेल एकच ठेवली, घरामागच्या लिंबावर, जिथे रोज नजर जाते. सगळ्या शिवारातली वेल तोडून पतंग संपेल या भ्रमात राहू नका. हा पतंग लांबून उडत येतो आणि शेजारच्या ओढ्यातली वेल तुमच्या हातात नाही. शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात सगळे बांध तपासले तर फरक पडतो. एकट्याने केलं तर भार थोडा हलका होतो, इतकंच.

खात्री करायची असेल तर बरणीत वाढवा

घरात शाळेतलं पोर असेल तर हे नक्की करा. आपल्याच बांधावरून आलेल्या अळीतून तोच नारिंगी पतंग निघताना बघितला की मग कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, तळाला कागद घाला. दोन-तीन मध्यम अळ्या पानांसकट आत ठेवा आणि तोंडाला मलमलीचा तुकडा रबराने बांधा. झाकण लावू नका, आत घाम धरला की अळ्या बुरशीने मरतात. रोज सकाळी जुना कागद आणि लेंड्या काढून गुळवेलीची ताजी पानं घाला. पान दुसरं चालणार नाही. माझ्या पुतण्याने एकदा डाळिंबाचीच पानं घातली, अळ्यांनी तोंड लावलं नाही. बरणी सावलीत, मुंग्या पोचणार नाहीत अशी ठेवा. सोपा उपाय म्हणजे पाण्याच्या ताटात.

अळीने पानं शिवून घेतली की खाणं बंद करा आणि बरणी हलवू नका. आत एक खडबडीत काटकी उभी ठेवा. पतंग बाहेर आला की त्याला वर चढून पंख लोंबते सोडायला जागा लागते. सुरुवातीला पंख चुरगळलेल्या कागदासारखे असतात. त्यांत रक्त भरून ते सरळ होतात आणि मग वाळतात. जागा मिळाली नाही तर पंख तसेच वाकडे राहतात. बघून झालं की त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आमच्या घरात त्यावर मोठा वाद झाला आणि पुतण्या जिंकला. एक पतंग त्या वर्षी सुटला.

रात्रीची फेरी

फळाला रंग धरायला लागला की सुरू करायची. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की पाण्यासाठी जागं राहावंच लागतं, त्याच जागरणात हे बसतं.

अंधार पडल्यावर तासाभराने निघा. आठ ते अकरा ही खरी वेळ. पायात गमबूट हवेतच, कारण ड्रिपच्या ओलीला बेडूक येतात, बेडकामागे साप, आणि आपल्या माळावर फुरसं काही कमी नाही. हातात बॅटरी, तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधलेला. पतंगाला लाल उजेड फारसा दिसत नाही, पांढऱ्या झोतात तो पटकन उठतो. सोबत मुलांची फुलपाखरं पकडायची जाळी, किंवा तारेच्या कड्याला मच्छरदाणीचा तुकडा शिवून घरी केलेली.

ओळीच्या बाहेरच्या बाजूने सुरू करा. पतंग बाहेरून येतो, त्यामुळे बांधाकडच्या दोन ओळींत सगळ्यांत जास्त सापडतो. उजेड फळावर टाकला की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. पिताना तो अंग फळाला लावून स्थिर बसलेला असतो आणि सोंड आत रुतलेली असते, त्यामुळे लगेच उडत नाही. खालून जाळी आणून झाकली की झालं. मग साबणाचं पाणी.

किती सापडले ते वहीत लिहा, ओळीसकट. पहिल्या दोन-तीन रात्री एखादाच मिळाला तर आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात. एका फेरीत पाच-सहा मिळायला लागले तर रोज फिरा आणि पुढचे उपायही जोडीला घ्या. हे आकडे माझ्या अडीच एकरांच्या अंदाजाचे आहेत, तुमच्या बागेप्रमाणे ठरवा.

पिशवी आणि कापड

इतक्या सगळ्या खटपटीत मला सगळ्यांत भरवशाचा वाटलेला उपाय हाच. पतंग फळापर्यंत पोचलाच नाही तर सोंड कितीही कडक असून उपयोग काय?

फळं मोजकी आणि मोठी असतील तर बटर पेपरची किंवा नॉनवोव्हन कापडाची पिशवी. उन्हाच्या चट्ट्यासाठी आपल्याकडे झाडांवर पांढरं क्रॉप कव्हर टाकतातच, तेच नीट वापरलं तर पतंगही अडतो. नीट म्हणजे कसं? कापड खालपर्यंत आणून झाडाच्या बुंध्याजवळ किंवा ओळीच्या बाजूला दाबून बांधायचं. वरून नुसतं चादरीसारखं टाकलं तर ऊन अडेल, पतंग खालून शिरेल. पिशवी लावताना देठाजवळ दोरा सैल राहू देऊ नका, पण पिशवी फळाला घट्ट चिकटू देऊ नका. जिथे कापड सालीला टेकतं तिथे पतंग वरूनच टोचू शकतो. आत बोटभर मोकळी जागा हवी.

वेळेचं भान ठेवा. फक्त पतंगासाठी असेल तर रंग भरायच्या आधी पिशवी लागली म्हणजे पुरे. पण फळ पोखरणाऱ्या अळीपासूनही वाचवायचं असेल तर फळ लिंबाएवढं असतानाच लावावी लागते. आत अळी किंवा तेल्याचा डाग असलेलं फळ पिशवीत बांधू नका. दिसेनासं होतं म्हणून बरं होत नाही.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने आपला करावा. मजूर मिळाले नाहीत तर मी फक्त बांधाकडच्या तीन-चार ओळी झाकतो.

पडलेली फळं, आमिष, धूर, दिवा

पडलेलं फळ रोज उचला. हे काम सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. आंबलेल्या फळाचा वास हाच पतंगाला बोलावणं आहे. उचललेली फळं बांधावर फेकू नका, खड्ड्यात मातीआड करा.

त्याच वासाचा आमिष म्हणून उपयोग होतो. पिकून काळी पडलेली केळी किंवा पेरू, थोडा गूळ, पाणी, हे एक दिवस आंबवून पसरट भांड्यात बागेच्या कडेला, बागेच्या आत नव्हे, संध्याकाळी ठेवा. पतंग तिथे जमतात आणि जाळीने एका जागी सापडतात. यात कीटकनाशक मिसळायची जुनी पद्धत आहे. औषधाच्या लेबलवर डाळिंबासाठी मान्यता आणि प्रमाण लिहिलेलं असेल तरच त्या वाटेला जा, कृषी सहायकाला विचारा, आणि भांडं उजाडायच्या आत उचला. दिवसा त्यावर मधमाश्या येतात. अनारनेटवर, म्हणजे निर्यातीच्या डाळिंब बागांच्या नोंदणीत, बाग नोंदवलेली असेल तर काढणीच्या तोंडावर काहीही वापरताना दहा वेळा विचार करा, फळावर राहिलेल्या औषधाच्या अंशाची तपासणी होते. फळांवर सरसकट फवारणी का लागू पडत नाही ते आता कळलं असेल: पतंग साल खात नाही, सोंड थेट दाण्यांत घालतो.

धुराबद्दल. संध्याकाळी वाऱ्याच्या बाजूला ओला पालापाचोळा, कडुलिंबाचा पाला जाळून धूर करतात. फळाचा वास त्यात दबतो आणि पतंग थोडे बिचकतात. वारा पडलेल्या रात्री बरं चालतं, वारा असला की धूर शेजाऱ्याच्या घरात. बाग वाळल्या गवताने भरली असेल तर करूच नका.

दिव्याचा सापळा लावून बसलेले लोक नेहमी निराश होतात. हा पतंग दिव्यावर फारसा येत नाही, भलतेच किडे भरतात. आमच्या दाजींनी घाटे अळीचा कामगंध सापळा डाळिंबात टांगला होता. महिनाभर रोज बघायचे. तो गंध घाटे अळीच्या मादीचा, त्याला शेंदऱ्या कशाला भुलेल? उलट रात्रभर झगझगीत उजेड ठेवला तर पतंगाचे डोळे दिवसासारखे होतात आणि तो खाणं-उडणं कमी करतो. जपानमध्ये फळबागांत पिवळे दिवे याच कारणासाठी लावतात. पण आपल्याकडच्या विजेवर रात्रभर बाग उजळत ठेवायची म्हणजे तो उपाय कागदावरच बरा.

बहार धरतानाच विचार

आंबे बहाराचं फळ जुलै ते सप्टेंबर तयार होतं, म्हणजे वेलींचा आणि पतंगाचा ऐन भर. मृग बहाराला ऑक्टोबरनंतर रंग धरतो, तेव्हा शेवटची पिढी गाठते, पण थंडी वाढेल तसा त्रास उतरतो. हस्त बहाराचं फळ फेब्रुवारी-एप्रिलमध्ये निघतं, त्याला हा पतंग जवळजवळ लागतच नाही. म्हणून कुणी लगेच हस्त धरू नये. परतीचा पाऊस, ताण बसणं, उन्हाळ्यातलं पाणी, बाजारभाव, तेल्या, या सगळ्यांच्या रांगेत पतंगाचा नंबर बराच मागे आहे. पण ज्याची बाग ओढ्याला लागून आहे आणि काठ वेलींनी भरलेला आहे, त्याने तो नंबर थोडा पुढे घ्यावा.

ओळख पटत नसेल तर भोक पडलेली दोन ताजी फळं आणि पकडलेला पतंग, जाळीत दाबलेला नव्हे, बरणीत अख्खा, घेऊन सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा. २००५ पासून हे केंद्र डाळिंबावरच काम करतंय. फोटो नेणार असाल तर मागचे नारिंगी पंख उघडे असलेला न्या. पंख मिटलेल्या शेंदऱ्याचा फोटो म्हणजे वाळक्या पानाचा फोटो.